पाइपाखालचं करिअर

मुलगी ‘पर्यावरणात काम करायचंय’ म्हणाली, की पालकांच्या डोळ्यांसमोर एक तर ताडोबा येतं, नाही तर परदेशातली महागडी पदवी. घरच्या शेगडीपर्यंत आलेला गॅसचा पाइप कोणाला आठवत नाही.

त्या पाइपातून येतो तो मुख्यतः मिथेन. हवेत सुटला, तर 20 वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट उष्णता तो धरून ठेवतो. बोस्टनमध्ये 2011 साली संशोधकांनी गाडीत यंत्र बसवून शहरातले रस्ते पालथे घातले, तेव्हा 3,356 ठिकाणी गळती सापडली. तिथे दुखणं होतं जुन्या बिडाच्या नळांचं. मुंबईत महानगर गॅसची स्थापनाच 1995 ची, त्यामुळे जाळं नवं; इथे भीती जेसीबीची. मार्च 2025 मध्ये अंधेरीच्या शेर-ए-पंजाब भागात खोदकामात गॅसवाहिनी फुटून आग लागली, माणसं भाजली.

गळती रोखण्याचं बरंचसं काम मात्र जोडणीच्या वेळीच होतं. पॉलिथिलीनच्या पाइपाचं टोक सरळ कापायचं, वरचा पापुद्रा खरवडायचा, पुसायचं, क्लॅम्पमध्ये पक्कं धरायचं. मग इलेक्ट्रोफ्यूजन मशीन कपलिंगमधली तार तापवून सांधा वितळवते. थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. ऐन पावसाळ्यात, चिखलाच्या खड्ड्यात, मुकादम मागे लागलेला असताना हे नेमाने करणारा कारागीर सहजी मिळत नाही.

त्याच्या जोडीला लेसर डिटेक्टर घेऊन वाहिनीच्या मार्गावर चालणारे, जमिनीखालच्या जाळ्याचे नकाशे अद्ययावत ठेवणारे, नियंत्रण कक्षात दाबावर लक्ष ठेवणारेही लागतात.

यासाठी आयटीआयचे फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे ट्रेड उपयोगी पडतात. डिप्लोमा केला, तर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगचा दरवाजा उघडा राहतो. उदाहरणार्थ, भायखळ्याच्या मुलांना साबू सिद्दीक पॉलिटेक्निक घराजवळच आहे.

एक गोष्ट पालकांपासून लपवू नये: रस्त्यावरचं बरंच काम कंत्राटदारामार्फत चालतं. नेमणूकपत्रावर नाव कोणाचं, पीएफ कापला जातो का, विमा आहे का, सुरक्षेचं प्रशिक्षण कोण देणार, हे पहिल्याच भेटीत विचारावं. शिकाऊ उमेदवारीसाठी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करता येते. तिथल्या करारात विद्यावेतन आणि मुदत दोन्ही लिहिलेली असतात.