मोरचूद, पीक आणि जमिनीतील तांबे

भांडी व विजेच्या तारा यांमुळे तांबे हा धातू सर्वांच्या परिचयाचा आहे. शेतीत मात्र तो येतो मोरचुदाच्या रूपाने. एक किलो मोरचुदात सुमारे २५० ग्रॅम तांबे असते.

तांब्याची गरज

प्रत्येक सजीवास तांबे अल्प प्रमाणात आवश्यक असते. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणात व श्वसनात त्याचा वाटा असतो. निरोगी पानांच्या एक किलो सुक्या वजनात साधारणतः ५ ते २० मिलिग्रॅम तांबे आढळते. ते कमी पडल्यास गव्हाची कोवळी पाने शेंड्याकडून वाळतात व ओंब्या पोचट राहतात. खेकडे व कोळंबी यांच्या रक्तात तर प्राणवायू वाहून नेण्याचे काम तांबेच करते.

रोगनाशक गुण

फ्रान्समधील बोर्डो भागात चोरांना दूर ठेवण्यासाठी रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत असत. त्या वेली केवडा रोगापासून बचावल्याचे मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये पाहिले. त्यातूनच बोर्डो मिश्रण प्रचारात आले. पानावरील तांबे बुरशीच्या बीजाणूंना रुजू देत नाही. म्हणून फवारणी रोग येण्यापूर्वी करावयाची असते. कोकणात सुपारीच्या घोसांवर कोळेरोगासाठी पावसाळ्यापूर्वी फवारणी करतात, ती याच कारणास्तव.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात व १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात कालवावा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत, लोखंडाची नसावीत. चुन्याची निवळी गाळून घ्यावी व मोरचुदाचे द्रावण तीत ढवळीत ओतावे. मिश्रणात बुडविलेल्या स्वच्छ लोखंडी सुरीवर तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

संचयाचा हिशेब

हेक्टरी १,००० लिटरच्या दोन फवारण्यांतून वर्षाला सुमारे ५ किलो तांबे बागेत पडते. याउलट १० टन सुके उत्पादन शेतातून बाहेर गेले, तरी त्यासोबत सुमारे १०० ग्रॅमच तांबे जाते. उरलेले सेंद्रिय द्रव्यास व मातीच्या कणांस चिकटून वरच्या थरात साठते. ते कुजून नाहीसे होत नाही. वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन हेक्टरी सुमारे २० लाख किलो धरल्यास, वीस वर्षांत दर किलो मातीमागे जवळजवळ ५० मिलिग्रॅम तांब्याची भर पडते. त्याने गांडुळांची संख्या घटते, मुळे आखूड व जाड होतात आणि लोहाचे शोषण अडून पाने पिवळी पडतात. कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत हा धोका चुनखडीयुक्त काळ्या जमिनीपेक्षा अधिक असतो. युरोपीय संघाने २०१९ पासून तांब्याच्या वापरास सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली, ती या संचयामुळेच.

दक्षता

१. रोगास अनुकूल हवामान असेल तेव्हाच व मोजूनच फवारणी करावी.

२. जुन्या बागेतील मातीचे तांब्यासाठी परीक्षण करून घ्यावे.

३. शेणखत व कंपोस्ट नियमित द्यावे. त्यायोगे तांबे बांधले जाते. आम्ल जमिनीस शिफारशीप्रमाणे चुना द्यावा.

४. फवारलेल्या बागेत मेंढ्या चारू नयेत. त्यांच्या यकृतात तांबे साठून कावीळ होते व त्या एकाएकी दगावतात.

५. पंप ओढ्यात वा तळ्यात धुऊ नये. पाण्यात विरघळलेले तांबे माशांस घातक असते.

फवारणीने या हंगामाचे पीक वाचते. तांबे मात्र पुढील पिढीच्या जमिनीत शिल्लक राहते. ही दोन्ही गणिते ध्यानी ठेवूनच शेतकरी बंधूंनी मोरचुदास हात घालावा.