पिशवीत दोन वजने नकोत

शास्त्रपाठ : अनुवाद 25:13-16, 2 राजे 4:38-41



या तिमाहीच्या अभ्यासासाठी मी एक असा विषय निवडला आहे, जो आपल्या मंडळ्यांतून सहसा निघत नाही : औषधांची आणि अन्नाची तपासणी. आपल्या देणग्यांतून पाड्यांवर आरोग्य शिबिरे होतात, वसतिगृहांत मुले जेवतात. म्हणजे आपण लोकांच्या हातावर गोळी ठेवतो आणि ताटात अन्न वाढतो. ती गोळी आणि ते अन्न कसे असावे, याविषयी पवित्र शास्त्र गप्प नाही.

1. दोन वजने कशासाठी?

अनुवादाच्या 25 व्या अध्यायात देव आपल्या लोकांना पिशवीत लहान आणि मोठे अशी दोन वजने बाळगण्यास मनाई करतो. फसवून विकू नका, एवढ्यावर नियमशास्त्र थांबत नाही. दुसरे वजन जवळ ठेवूच नका, असे सांगते. व्यापारी दोन वजने ठेवतो ती जाणत्यासाठी एक आणि अजाणत्यासाठी एक. ज्याला स्वतः तोलून पाहता येत नाही, त्याच्यासाठी हलके वजन बाहेर निघते.

आपण शहरात गोळ्या घेतो तेव्हा तारीख बघतो, पावती घेतो, शंका आली तर दुकानदाराला जाब विचारतो. पाड्यावरच्या आईला पट्टीवरची इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत. ती औषधाकडे पाहत नाही, देणाऱ्याच्या हाताकडे पाहते. म्हणून तोलण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते. फुकट दिलेल्या वस्तूला वेगळे वजन चालेल, असे शास्त्रात कुठेही नाही.

2. डोळ्यांना जे दिसत नाही

ग्लिसरीन आणि डायइथिलीन ग्लायकॉल हे दोन्ही पदार्थ रंगहीन, दाट आणि चवीला गोड. पहिला औषधात चालतो. दुसरा कारखान्यात वापरायचा असून मूत्रपिंडे निकामी करतो. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असे दूषित ग्लिसरीन दिले गेल्यामुळे 14 रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला.

ही गोष्ट जुनी झाली असे वाटेल. पण 2025 मध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध पिऊन वीसहून अधिक लहान मुले गेली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने त्या औषधाचा नमुना तपासला, तेव्हा त्यात डायइथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के निघाले. मर्यादा आहे 0.1 टक्का. बाटली, झाकण आणि लेबल नेहमीसारखेच होते. आईवडिलांना ते ओळखता येणे शक्यच नव्हते. ते प्रयोगशाळेलाच कळले.

3. प्रयोगशाळेतील तराजू

आपल्या राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतात, त्याचे भाग करून सीलबंद करतात. एक भाग शासकीय विश्लेषकाकडे जातो, एक ज्याच्याकडून घेतला त्याच्याजवळ राहतो आणि एक न्यायालयासाठी राखला जातो. पुढे वाद झाला तर दुसऱ्याला तोच माल पुन्हा तपासता यावा, यासाठी ही व्यवस्था आहे. प्रयोगशाळेत पाहतात : सांगितलेले औषध गोळीत आहे का, सांगितले तितके आहे का, ती पाण्यात वेळेत विरघळते का, नको ती भेसळ आहे का.

एक गोष्ट फारशा लोकांना ठाऊक नसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 याच्या कलम 26 नुसार कोणीही सामान्य माणूस आपण विकत घेतलेले औषध ठरलेले शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अन्नाच्या बाबतीत तसाच अधिकार अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 याच्या कलम 40 ने दिला आहे.

मिशनच्या कामातही याचे चांगले उदाहरण आहे. केनियातील मंडळ्यांनी मिळून 1986 मध्ये मिशन रुग्णालयांना औषधे पुरवणारी ‘मेड्स’ ही संस्था नैरोबीत उभी केली. तिने स्वतःची प्रयोगशाळा बांधली, आणि त्या प्रयोगशाळेला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. आफ्रिकेतील अनेक देशांत मिशनचे औषध भांडारपाल पेट्यांत मावणारी एक छोटी प्रयोगशाळा वापरतात. तिचे नाव मिनिलॅब. आधी वेष्टन नीट पाहायचे. मग गोळी कोमट पाण्यात टाकायची. साधी गोळी अर्ध्या तासात फुटली पाहिजे. शेवटी औषधाच्या द्रावणाचा थेंब एका पातळ लेप दिलेल्या पट्टीवर ठेवायचा आणि शेजारी खऱ्या औषधाचा थेंब. पट्टी द्रवात उभी केली की थेंब वर चढतात. दोन्ही ठिपके सारख्या उंचीवर आणि सारखे गडद दिसले तर ठीक. नाही तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे. 2020 मध्ये करोनाच्या भीतीने क्लोरोक्वीनची मागणी वाढली, तेव्हा कॅमेरून, काँगो आणि नायजर येथे बनावट गोळ्या सापडल्या त्या याच जाळ्यातील कामगारांना. गरिबांना देण्याआधी त्यांनी गोळी तोलून पाहिली.

4. गिलगालचा हंडा

आता दुसरा शास्त्रपाठ. गिलगालमध्ये दुष्काळ होता. अलीशाने संदेष्ट्यांच्या शिष्यांसाठी मोठा हंडा चढवायला सांगितले. एक जण रानात गेला, वेलीवरची रानफळे ओटीभर आणली आणि ती काय आहेत हे न कळताच चिरून घातली. त्याचा हेतू चांगला होता. भुकेल्यांचे पोट भरावे म्हणूनच तो रानात गेला होता. तरी हंडा विषारी झाला.

16 जुलै 2013 रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतील माध्यान्ह भोजनानंतर 23 मुले मरण पावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे प्रयोगशाळेच्या तपासणीत आढळले. आपल्याकडेही फवारणीचे रिकामे डबे घरात पाण्याला, तेलाला वापरले जातात. म्हणून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी पहिली सूचना हीच देते : औषधाचा डबा धुऊनसुद्धा आत आणायचा नाही.

प्रशिक्षणाच्या वेळी एका मावशींनी मला विचारले, “ताई, आम्ही पोरांसाठी जीव लावून रांधतो, मग आमच्यावर एवढी तपासणी कशाला?” मी त्यांना गिलगालची गोष्ट वाचून दाखवली. त्या गोष्टीत रानफळे आणणाऱ्याला कोणी दोष दिलेला नाही. पण ज्यांना चव कळली त्यांनी ओरडून सांगितले आणि अलीशाने उपाय केला. तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे. वेळेवर ओरडून सांगण्याची ती सोय आहे.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा ‘फोस्टॅक’ नावाचा प्रशिक्षणक्रम 2017 पासून चालू आहे. त्यात शिकवतात ते अवघड नाही. हात आणि भांडी स्वच्छ, कच्चे आणि शिजलेले वेगळे, अन्न पूर्ण शिजवलेले, शिजलेले अन्न वाढेपर्यंत गरम, तासन्‌तास झाकून ठेवलेले नाही, पाणी सुरक्षित. पाण्यात टीसीएल पावडर टाकल्यावर अर्ध्या तासाने ओ.टी. चाचणी करावी, पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. बुरशी धरलेले शेंगदाणे फेकून द्यावेत, कारण त्या बुरशीचे विष भाजल्याने पूर्ण जात नाही आणि ते यकृताला बाधते.

5. आपल्या हातातील काम

दरवर्षी काही कुटुंबे घरात उरलेल्या गोळ्या प्रेमाने पाठवतात. मी आदराने सांगते, त्या पाठवू नका. एकदा रुग्णाला दिलेले औषध परत घेऊन दान करू नये आणि दान पोहोचेल तेव्हा त्याची मुदत किमान एक वर्ष उरलेली असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. घरातल्या गोळ्या उन्हात राहिल्या की दमटात, हे आपल्याला सांगता येत नाही. जे आपण स्वतःच्या मुलाला द्यायला कचरू, ते पाड्यावरच्या मुलालाही नको. त्याऐवजी तेवढी रक्कम पाठवा. पावतीवर बॅच क्रमांक असलेली ताजी औषधे घेता येतात.

ज्या मंडळ्या शिबिरे घेतात त्यांनी प्रत्येक औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि ते कोणत्या गावात दिले याची नोंद ठेवावी. एखादी बॅच परत मागवली गेली तर त्या नोंदीवरूनच आपण त्या घरापर्यंत पोहोचू शकतो. उन्हाळ्यात औषधांचे खोके पत्र्याच्या खोलीत ठेवू नयेत. कोणाला त्रास झाला तर उरलेली बाटली फेकू नये. ती जपून ठेवून आरोग्य केंद्राला व औषध निरीक्षकांना कळवावे.

मननासाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीच्या सेवेत शहरासाठी एक आणि पाड्यासाठी दुसरे, असे वजन कुठे आहे?
2. गिलगालच्या शिष्यांनी चव कळूनही संकोचाने गप्प बसायचे ठरवले असते तर? आपल्या स्वयंपाकघरात चूक बोलून दाखवायला मोकळीक आहे का?
3. आपल्या पुढच्या शिबिरात औषधांची नोंदवही कोण ठेवील?

प्रार्थना

प्रयोगशाळांत काम करणारे विश्लेषक, औषध निरीक्षक आणि अन्न सुरक्षा अधिकारी यांच्या प्रामाणिकपणासाठी. मुले गमावलेल्या छिंदवाड्याच्या कुटुंबांसाठी. आणि आपल्या वसतिगृहांत पहाटे चूल पेटवणाऱ्या मावशींसाठी प्रार्थना करू या. आपल्या पिशवीत एकच वजन असावे, आणि ते देवाला मान्य असावे. आमेन.