गंजिफातला मत्स्य रंगवताना

ड्रॉईंगची शीट एका रात्रीत उरकते, सावंतवाडीच्या गंजिफाचा पत्ता नाही! ही मरायला टेकलेली कला १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात सावरली. दशावतारी डावात १० अवतारांचे प्रत्येकी १२, म्हणजे १२० गोल पत्ते.

आपण मत्स्य घेऊ. पुठ्ठ्यावर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावून चांगलं घोटा. खरखरीत राहिलं तर पुढची रेघ फाटलीच म्हणून समजा. मग मागचा सपाट रंग. तो पूर्ण वाळला की माशाचं अंग, त्यावर खवले, दागिने. बारीक काळी रेघ सगळ्यात शेवटी, आकार तीच उठवते. घाईवाले इथंच माती खातात. वर लाखेचा हात. लाख चढली की दुरुस्ती संपली. आणि हो, पाठ सगळ्या पत्त्यांची एकसारखी हवी, नाहीतर समोरचा पान ओळखतो.