वृद्धाश्रमातील ज्येष्ठ : मनाची उभारी आणि हातांचे काम

केळशीसारख्या गावात वार्धक्य पूर्वी पडवीत, माडा-पोफळीच्या वाडीत आणि घरच्या माणसांत सरत असे. पुढे मुले मुंबई-पुण्यास स्थायिक झाली, कित्येक घरे गणपती-शिमग्यापुरती उघडू लागली आणि काही ज्येष्ठांना वृद्धाश्रमाचा आधार घ्यावा लागला. तेथे औषध व आहार वेळेवर मिळतो. परंतु वाडीला पाणी घालणारे हात एकाएकी रिकामे होतात. या रिकामपणाचा आरोग्याशी काय संबंध आहे, याकडे आम्ही सर्व हितचिंतकांचे लक्ष वेधू इच्छितो.

वृद्धांची दैनंदिन क्षमता पाहण्यासाठी १९६३ पासून कॅट्झ निर्देशांक वापरला जातो. त्यात स्नान, वस्त्रे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवणे या सहा बाबी येतात. मन खचलेली व्यक्ती उठण्याचे टाळते. न उठल्याने स्नायू क्षीण होतात. त्यातून परावलंबन येते आणि मन अधिकच खचते. भूक मंदावणे, पहाटे जाग येणे, आवडत्या गोष्टीत रस न उरणे ही लक्षणे ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नयेत. नैराश्यावर उपचार आहेत. ऐकू कमी येणे, थायरॉइडचे विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांचीही तपासणी व्हावी.

१९७६ साली अमेरिकेतील एका शुश्रूषागृहात लँगर व रोडिन यांनी एक प्रयोग केला. काही वृद्धांना स्वतःचे निर्णय स्वतः घेण्यास सांगून एकेक रोपटे जोपासावयास दिले. इतरांची रोपटी कर्मचाऱ्यांनी सांभाळली. तीन आठवड्यांनी पहिला गट अधिक उत्साही व क्रियाशील आढळला.

याच दापोली तालुक्यातील मुरूडला बालपण घालविलेल्या महर्षी कर्वे यांनी १९४४ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, समता संघ स्थापिला. सर्वांस एवढे साधणार नाही. परंतु भाजी निवडणे, फुले वेचणे, हार गुंफणे अनेकांस साधेल.

कुटुंबीयांस आमची विनंती आहे :

१. भेटीचा वा दूरध्वनीचा दिवस ठरवावा व तो पाळावा.
२. जे हातांना जमते ते, वेळ लागला तरी, त्यांनाच करू द्यावे.
३. घरातील निर्णयांत त्यांचे मत विचारावे.

२००७ च्या कायद्याने ज्येष्ठांना निर्वाहखर्चाचा हक्क दिला आहे. जिव्हाळा मात्र आपणच द्यावयाचा आहे. देणगीदारांनी आधाराचे कठडे, श्रवणयंत्रे आणि लहानशा बागेसाठी दिलेले साहाय्य औषधाइतकेच मोलाचे ठरेल.