पाठीमागे कोण आहे?

एकट्यानेच अभ्यास करीत बसले असताना पाठीमागे कोणीतरी उभे आहे, असे तुम्हाला कधी वाटले आहे का? वळून पाहावे तर कोणीच नसते, आणि आपण पुन्हा पुस्तकात डोके घालतो. छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) झालेल्या कित्येकांच्या बाबतीत मात्र हा ‘कोणीतरी’ जात नाही. तो बोलतो, हिणवतो, हुकूम सोडतो. घरचे अंगाऱ्या-धुपाऱ्यामागे लागतात आणि उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो.

हा येतो कुठून? २००६ साली एक विलक्षण धागा हाती लागला, तोही वेगळ्याच रोगाची तपासणी करताना. स्वित्झर्लंडमध्ये २२ वर्षांच्या एका तरुणीला अपस्मार होता. मनोविकार मुळीच नव्हता. फिटचे मूळ शोधण्यासाठी ओलाफ ब्लांके व त्यांचे सहकारी तिच्या मेंदूत सौम्य वीजप्रवाह सोडीत होते. (मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत, त्यामुळे रुग्ण जागा राहून बोलू शकतो.) डाव्या कानाच्या वर-मागे, शंखखंड व पार्श्वखंड मिळतात तिथे प्रवाह देताच तिला पाठीशी सावलीसारखा माणूस जाणवला. ती आडवी, तर तोही आडवा. ती गुडघ्यांना मिठी घालून बसली, तर तोही बसला आणि त्याने तिलाच मिठी घातली! तिने वाचायला कार्ड घेतले, तर तो ते हिसकावू पाहत आहे असे तिला वाटले.

तो माणूस म्हणजे तीच होती! त्वचा, स्नायू, डोळे, अंतर्कर्ण यांच्याकडील वार्ता जुळवून मेंदू ‘हा मी, इथे’ असा हिशेब सतत मांडतो. तो बिघडला आणि स्वतःचे शरीर परके भासले, असा ब्लांके यांचा तर्क.

स्वतःला गुदगुल्या करून पाहा. होणार नाहीत, कारण आपल्याच हाताचा स्पर्श मेंदू आधी ओळखून सौम्य करतो. मनातल्या मनात बोलताना ही ओळख चुकली, तर आपलेच शब्द परक्याचा आवाज ठरतील. छिन्नमनस्कतेतील आवाजांविषयी अनेक संशोधकांना असेच वाटते.

अर्थात, ही एकच रुग्ण होती आणि तिला छिन्नमनस्कता नव्हती. पण २००० सालीच अमेरिकेत राल्फ हॉफमन यांनी आवाज ऐकणाऱ्या १२ छिन्नमनस्क रुग्णांच्या डोक्याच्या डाव्या बाजूस, जवळपास याच भागावर, सेकंदाला एक असे चुंबकीय स्पंद दिले होते. कवटी उघडावी लागली नाही. खोट्या उपचाराच्या तुलनेत आवाज कमी झाले. पुढच्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे आले नाहीत, म्हणून मुख्य भर अजून औषधांवरच आहे.