समाईक काहिलीची बिअर : बव्हेरियांतील त्सॉइग्ल पद्धतीचा अभ्यास

ज्या गांवीं ऊस होतो तेथें प्रत्येक शेतकऱ्याचें स्वतंत्र गुऱ्हाळ नसतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. चरक, काहील व चुलवण यांचा खर्च एका लहान खातेदारास पेलत नाहीं. आणि पेलला तरी वर्षांतील थोड्या दिवसांच्या कामाकरितां तो करणें शहाणपणाचें होत नाहीं. म्हणून एका गुऱ्हाळावर अनेकांचा ऊस पाळीपाळीनें येतो. चुलवण एक, पण गूळ ज्याचा त्याचा. जवळजवळ हीच व्यवस्था जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांत, पूर्वेकडील ओबरफाल्ट्झ भागांत, बिअरच्या बाबतींत शेंकडों वर्षें चालत आली आहे. तिला तेथील लोक त्सॉइग्ल म्हणतात. या लेखांत आम्ही तिचा विचार शेतकऱ्यांच्या समाईक धंद्याचा एक नमुना म्हणून करणार आहों.

प्रारंभींच एक खुलासा करणें इष्ट आहे. वाचकांनीं मद्य करावें किंवा प्यावें, असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून बिअर गाळणें हा गुन्हा आहे, मग ती घरापुरती असो कीं गांवापुरती. परंतु कोणती वस्तु समाईक ठेवावी आणि कोणती ज्याची त्याच्याकडे राहूं द्यावी, हा प्रश्न सहकाराच्या प्रत्येक कामांत येतो, व त्याचें इतकें स्पष्ट उत्तर देणारें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

विंडिशएशेनबाख, नॉयहाउस, मिटरटाइख, फाल्केनबेर्ग व एस्लार्न या पांच ठिकाणीं समाईक भट्टीघरें आजही चालू आहेत. हा मुलूख थंड, डोंगराळ व झेक देशाच्या सीमेलगतचा आहे. यांपैकीं विंडिशएशेनबाख हें नांव भूगर्भशास्त्रज्ञांस अगदीं निराळ्या कारणानें ठाऊक आहे. तेथें १९८७ सालीं सुरू झालेल्या संशोधनाच्या कामांत ९,१०१ मीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें. पांचशें फुटांवर पाणी न लागल्यास हताश होणाऱ्या आमच्या बागाइतदारांनीं या आंकड्याकडे अवश्य पाहावें! असो.

या गांवांत बिअर गाळण्याचा हक्क माणसास नसून घरास आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धांत तेथील सरदारांनीं व मठांनीं गांवकऱ्यांस हे हक्क दिले, आणि ते वास्तूला चिकटून राहिले. घर विकलें गेलें कीं हक्क घराबरोबर जातो; घर सोडून नुसता हक्क विकतां येत नाहीं. हक्क प्रत्येक घराचा असतांना भट्टी मात्र एकच कां, याचीं कारणें दोन. घरें लांकडाचीं व छपरें गवताचीं असतां घरोघर मोठा जाळ पेटविणें म्हणजे सबंध गांव आगीच्या तोंडीं देणें होय. दुसरें कारण गुऱ्हाळाचेंच : तांब्याची मोठी काहील महाग, आणि एका घराला ती वर्षांतून फार थोडे दिवस लागते.

आतां कृति पाहूं. सातू, म्हणजे जव, पाण्यांत भिजवून त्यास मोड आणावयाचे व नंतर तें धान्य उष्ण हवेनें वाळवावयाचें. या वाळविलेल्या धान्यास मॉल्ट म्हणतात. मोड येतांना दाण्यांत पिष्टाची साखर करणारीं द्रव्यें तयार होतात. मोड आणलेल्या नाचणीची आंबील साध्या नाचणीच्या आंबिलीपेक्षां पातळ कां होते, हें ज्या गृहिणीस माहीत आहे तिला बिअरचें अर्धें शास्त्र अवगत आहे. हल्लीं हें मॉल्ट बहुधा कारखान्यांतून विकत घेतात. तें भरडून भट्टीघरांत ऊन पाण्यांत कालवितात व उष्णता टप्प्याटप्प्यानें चढवितात. ६२ ते ६५ अंश सेंटिग्रेडवर तें कांहीं काळ राहूं दिलें म्हणजे आंबण्यास योग्य अशी साखर भरपूर उतरते; पुढें ७२ अंशांच्या आसपास राहिलेल्या पिष्टाचें रूपांतर पुरें होतें. येथें घाई करणाराची बिअर पचपचीत होते. नंतर चोथा गाळून गोड काढा काहिलींत घेतात, आणि हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें टाकून तास-दीड तास उकळतात. या उकळीनें काढा जंतुरहित होतो, व हॉपच्या कडवटपणामुळें गोडीचा ओशटपणा मोडून पेय टिकाऊ बनतें. जळण लांकडाचें असतें. हजार लिटर बिअरेस सुमारें १७० ते १८० किलो मॉल्ट पुरतें.

उकळलेला काढा रात्रभर उथळ, पसरट भांड्यांत निवत ठेवतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं जो तो आपला काढा टाकींत भरून घरीं नेतो. या ठिकाणीं समाईकपणा संपतो.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. घरीं नेलेला काढा ही अद्याप बिअर नव्हे. तें नुसतें गोड पाणी आहे. त्यांत किण्व, म्हणजे यीस्ट, घालून तळघरांत सुमारें ८ ते १० अंशांवर आठदहा दिवस आंबवावें लागतें, आणि पुढें कित्येक आठवडे त्याहून थंड जागीं मुरवावें लागतें. या काळांत किण्व टाकीच्या तळाशीं बसतें. एकाच भट्टीघरांतून निघालेल्या दोन घरांच्या बिअरेची चव निराळी लागते ती याच काळांतील फरकामुळें : एकाचें तळघर दोन अंशांनीं उबदार, दुसऱ्याचें किण्व अधिक जोमदार, तिसऱ्याने मुरविण्यास आठवडा अधिक दिला. भांडीं नीट न धुतल्यास माल आंबट होतो. तें नुकसानही त्या घराचेंच. म्हणजे जेथें भांडवल अधिक व कौशल्याचा फरक कमी, तेवढा भाग समाईक. आणि जेथें निगा, स्वच्छता व धीर यांवर मालाची किंमत ठरते, तो भाग घरचा. सर्वांचा काढा एका टाकींत ओतून एकत्र आंबविला असता, तर टाकी धुण्याची पाळी कोणाची यावरून पहिल्याच वर्षीं तंटा झाला असता, आणि निष्काळजी माणसाच्या चुकीची भरपाई दक्ष माणसास करावी लागली असती. आमच्याकडील कित्येक सहकारी प्रयत्न याच खडकावर फुटले आहेत, हें कटु असलें तरी खरें आहे.

काहिलीचा वापर करणारें प्रत्येक घर दर खेपेस ठराविक वापर-पैसा देतें. त्यास तेथें केसेलगेल्ड, म्हणजे काहील-पैसा, असें सार्थ नांव आहे.

विक्रीची रीत तर याहून विचार करण्याजोगी आहे. ज्या घराची बिअर तयार झाली तें घर दारावर सहा टोकांचा तारा टांगतें. एकमेकांवर ठेवलेल्या दोन त्रिकोणांचा हा तारा आहे. एका त्रिकोणाचीं टोकें अग्नि, जल व वायु यांचीं, दुसऱ्याचीं पाणी, मॉल्ट व हॉप यांचीं, असें सांगतात. किण्वाला त्यांत स्थान नाहीं, कारण तें काय आहे हें त्या काळीं कोणास उमगलें नव्हतें. त्सॉइग्ल हा शब्दही ‘चिन्ह’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचें ग्राम्य रूप आहे. तारा दिसला कीं लोक त्या घराच्या बैठकींत येऊन बसतात. घरची बिअर, पाव व घरचें थंड मांस असा साधा बेत असतो, आणि दरही माफक असतात. सर्व घरें एकाच वेळीं दार उघडीत नाहींत. कोणी कोणत्या आठवड्यांत तारा टांगावयाचा, हें आधीं ठरवून त्याचें वर्षाचें पंचांग छापतात. बहुधा आठवड्याअखेरचे तीनचार दिवस एका घराची पाळी असते. मग तें घर आपल्या शेतीच्या किंवा नोकरीच्या कामाला लागतें, व तारा दुसऱ्या दारीं जातो.

या पाळीचें गणित मांडून पाहूं. समजा, गांवांत बारा घरें बिअर करतात व आठवड्यास तीन घरें उघडीं असतात. म्हणजे प्रत्येक घराची पाळी दर चौथ्या आठवड्यास येते. त्या चार दिवसांत त्याच्या बैठकीस गिऱ्हाइकाची वाण नाहीं, आणि उरलेल्या दिवसांत त्यास नोकर ठेवावा लागत नाहीं, दिवे जाळावे लागत नाहींत, शिळ्या मालाची चिंता नाहीं. याउलट बाराही घरांनीं रोज दार उघडलें तर तेंच गिऱ्हाईक बारा ठिकाणीं वांटलें जाईल, दर उतरवावे लागतील, आणि दोनतीन वर्षांत बारांचीं चार घरें उरतील. काहिलीपेक्षां या पंचांगानेंच धंदा तारला, असें आमचें मत आहे. काहील कोणीही विकत घेऊं शकतो. शेजाऱ्याच्या पाळींत आपलें दार बंद ठेवण्याचा करार पैशानें मिळत नाहीं.

जनावरें पाळणाऱ्यांसाठीं चोथ्याविषयीं दोन शब्द लिहितों. १०० किलो मॉल्टपासून त्याहून थोडा अधिकच ओला चोथा निघतो. त्यांत तीनचतुर्थांशाहून अधिक पाणी असतें; पण वाळलेल्या वजनावर हिशेब केल्यास प्रथिनांचें प्रमाण वीस टक्क्यांच्या वर जातें, कारण काढ्यांत साखर निघून गेलेली असते व प्रथिनें मागें राहतात. दुभत्या गाईंस हें खाद्य उत्तम. मात्र उन्हाळ्यांत तें दोनतीन दिवसांतच आंबून बुरसतें. म्हणून ताजें चारावें, नाहीं तर हवाबंद खड्ड्यांत दाबून ठेवावें. बुरसलेला चोथा गाभण जनावरांस तर मुळींच देऊं नये.

आतां कोणी पुसेल कीं, ही व्यवस्था जशीच्या तशी उचलून आपल्याकडे बसवितां येईल काय? परवान्याचा प्रश्न बाजूस ठेवला तरी आमचें उत्तर नकारार्थी आहे. ओबरफाल्ट्झमध्यें दगडी तळघर हें फुकटचें शीतगृह आहे. आपल्याकडे खोल तळघरांतसुद्धां उष्णता ८-१० अंशांपर्यंत उतरत नाहीं. तेथें यंत्रानें थंडावा आणावा लागेल, आणि मग आंबविण्याचा भागही भांडवलाचा होऊन बसेल. अशा वेळीं समाईक व खाजगी यांमधील रेषा पुढें सरकविली पाहिजे : शीतगृह समाईक, पण त्यांतील टाकी, किण्व व देखरेख ज्याची त्याची. रेषा कोठें आंखावी हें हवामान व यंत्रांची किंमत यांवरून ठरवावें लागतें.

ही चर्चा आम्हांस निव्वळ परदेशची वाटत नाहीं, याचें कारण द्राक्षांच्या वाइनचा आपला अनुभव. महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. नाशिक जिल्ह्यांत विंचूर येथें व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइनसाठीं खास वसाहती उभारण्यांत आल्या. अनेक बागाइतदारांनीं कर्ज काढून स्वतःच्या वायनरी बांधल्या. द्राक्षें दाबण्याचें यंत्र, पोलादी टाक्या, थंडाव्याची सोय, हें सर्व घरोघर निराळें. आणि पिकाचा हंगाम मात्र मुख्यतः जानेवारी ते मार्च. २००८ नंतर मंदीमुळें मागणी घसरली, तेव्हां टाक्यांत माल पडून व डोक्यावर हप्ते चढून कित्येक लहान वायनरी बंद पडल्या. मंदी कोणाच्या हातची नव्हती, हें खरें. पण वर्षांतील नऊ महिने रिकाम्या राहणाऱ्या यंत्राचें व्याज एकट्यानें भरावयाचें कीं वीस जणांनीं, हें ठरविणें ज्याच्या त्याच्या हातीं होतें.

त्सॉइग्लची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एके काळीं या प्रांतांत अशीं भट्टीघरें आजच्यापेक्षां कितीतरी अधिक होतीं. एकोणिसाव्या शतकांत यंत्रानें थंडावा निर्माण करणारे मोठे कारखाने निघाले, आगगाडीनें त्यांचा माल खेड्यापाड्यांत पोहोंचला, आणि एकामागून एक काहिली थंडावल्या. पुढें त्सॉइग्ल या नांवाला मोल आलें, तेव्हां कारखानदारांनींही आपल्या बाटल्यांवर तें छापण्यास सुरुवात केली. मग खऱ्या समाईक भट्टीवाल्यांनीं आपला संघ स्थापून अस्सल मालाची निराळी खूण ठरविली. २०१८ सालीं जर्मनीनें या परंपरेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादींत समावेश केला. मान मिळाला खरा. परंतु काहील मानावर तापत नाहीं.

ती तापते घरांच्या संख्येवर. समजा, वीस घरें वर्षाला प्रत्येकी सहा खेपा करतात. म्हणजे काहील १२० दिवस चालते, आणि डागडुजी, धुराडें, विमा वगैरे कायमचा खर्च १२० खेपांवर वांटला जातो. त्यांतील सोळा घरांच्या मुलांनीं शहरांत नोकऱ्या धरल्या व तळघरांना कुलपें लागलीं, तर हक्क कागदावर वीस घरांचेच राहतात, पण खेपा उरतात चोवीस. तोच खर्च दर खेपेस पांचपट होतो, आणि उरलेल्या चार घरांना काहील-पैसा परवडेनासा होतो. म्हणून अशा मंडळाचे नियम लिहितांना हक्क असूनही काहील न पेटविणाऱ्या घरानें कायमच्या खर्चाचा कांहीं वांटा द्यावा कीं नाहीं, आणि सलग किती वर्षें न वापरलेली पाळी दुसऱ्या घरास द्यावी, हीं दोन कलमें पहिल्याच सभेंत, सर्व जण उत्साहांत असतांना, नोंदवून घ्यावीं. पुढें तीं कोणाकडून मान्य करून घेणें जड जातें.