जुनी कॉमिक्स शोधायला निघालीस ना, मग ऐक

अगं, कॉमिक कॉनचं तिकीट काढलंस हे कळलं आणि फार बरं वाटलं. इंद्रजालचे जुने अंक जमवायचं वेड तुला लागलंय, ते आता घराबाहेर पडतंय. म्हटलं, तू निघायच्या आधी दोन घटका तुझ्याशी बोलून घ्यावं. मी सांगणार आहे ती माहिती तिकिटावर छापलेली नसते आणि तिथे गेल्यावर कुणी थांबून सांगत नाही.

आत शिरलीस की आधी बावरून जाशील. प्रचंड हॉल, कानठळ्या बसवणारं संगीत, जपानी मांगा, टी-शर्ट, बाहुल्या, गेमिंगचे पडदे, कॉस्प्ले करून आलेली शेकडो मुलं. या मुलांना नावं ठेवणारे आपल्यात पुष्कळ आहेत, तू ठेवू नकोस. एकेक पोशाख महिना महिना खपून घरी शिवलेला असतो. पण तुला हवंय ते या झगमगाटात दिसणार नाही. जुन्या अंकांची टेबलं मोजकी असतात, बहुधा कडेला असतात, आणि पहिल्या तासाभरात तिथले चांगले अंक उचलले जातात. म्हणून दारं उघडताच थेट तिकडे जा. बाकीचा मेळा दुपारी निवांत बघ. आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एक फेरी मार. उरलेला माल परत बांधून न्यायचा विक्रेत्याला कंटाळा आलेला असतो, तेव्हा भाव उतरतात.

जाताना यादी हवीच, आणि ती कागदावर हवी. गर्दीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं आणि 1990 मध्ये ते बंद झालं. तेवढ्या काळात आठशेच्या वर अंक निघाले. पहिले 32 अंक निव्वळ वेताळाचे, म्हणजे फँटमचे. त्यानंतर मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि डिसेंबर 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. सुरुवातीला अंकांना सलग क्रमांक असायचे, पुढे खंड आणि अंक अशी पद्धत आली. यादी करताना दोन्ही लिही, नाहीतर घरात असलेलाच अंक पुन्हा घेऊन येशील. पैशांचं म्हणशील तर आकडा घरीच ठरव, तेवढी रोख वेगळ्या पाकिटात ठेव आणि ते पाकीट रिकामं झालं की खरेदी थांबव.

आता अंक हातात घेतल्यावर काय बघायचं ते सांगते. मुखपृष्ठाच्या प्रेमात लगेच पडायचं नाही. मला ठाऊक आहे, ते अवघड आहे. पहिल्या पन्नासेक अंकांची बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठं पाहिली की हात आपोआप पाकिटाकडे जातो. तरी आधी पानं मोज. मधल्या पिना गंजतात, गंज कागद खातो आणि अगदी मधला जोडकागद सुटून जातो. वरून अंक धडधाकट दिसतो आणि गोष्टीतली चार पानं गायब असतात. मग कोडी, कुपनं कात्रीने कापली आहेत का ते बघ. कडा बघ. पूर्वी हौशी लोक दहा-बारा अंक एकत्र बांधून घ्यायचे, आणि बाइंडर तिन्ही बाजू कापून सारख्या करायचा. असे सुटे केलेले अंक मूळ अंकांपेक्षा किंचित लहान असतात, कधी कधी वरची अक्षरं अर्धी छाटलेली असतात. सेलोटेपने जोडलेलं पान असेल तर भाव निम्म्याने पाडून माग, कारण टेपचा पिवळा डाग कधीच जात नाही. लॅमिनेट केलेला अंक मात्र घेऊच नकोस.

वाचनालयाचा शिक्का असला की संग्राहक नाक मुरडतात. मला तर असे अंक विशेष आवडतात. कुठल्याशा गल्लीतल्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानातून हा अंक किती पोरांच्या हातांतून गेला, ते त्या शिक्क्यावरून कळतं. शिक्क्यामुळे भाव कमी होतो, तो फायदा खुशाल घे.

अमर चित्रकथा घेताना डोकं जास्त शांत ठेव. त्यांची पुनर्मुद्रणं पुष्कळ झाली, आणि ‘पहिली आवृत्ती’ म्हणून तीच गळ्यात मारली जातात. छपाईचं वर्ष प्रत्येक वेळी सापडतंच असं नाही, म्हणून मलपृष्ठ आणि आतल्या जाहिराती वाच. टिंकल सुरू झालं नोव्हेंबर 1980 मध्ये. टिंकलची जाहिरात असलेला अंक साठच्या किंवा सत्तरच्या दशकातला असूच शकत नाही. मागे दिलेल्या यादीत त्या अंकानंतर निघालेली नावं असतील, तर तीही पुढची छपाई. विक्रेता कितीही आत्मविश्वासाने बोलला तरी तू छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेव. पिशवीत एक छोटं भिंगही असू दे. जुन्या छपाईत रंगांचे ठिपके सुटे आणि स्पष्ट दिसतात, स्कॅन करून काढलेल्या प्रतीत ते विस्कटतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती थोडी जपून सांगते. या संग्राहक मंडळींत बायका अजून कमी आहेत. ‘भावासाठी घेताय का?’, ‘मुलाला आवडतं वाटतं?’ असं कुणीतरी विचारणारच. शांतपणे सांग, ‘माझ्यासाठी घेतेय,’ आणि पानं मोजायला लाग. पानं मोजताना पाहिलं की समोरच्याची भाषा बदलते. बहुतेक लोक मनाने चांगले असतात, आपल्या आवडीचं माणूस भेटलं की स्वतःजवळची माहिती भरभरून देतात. पण कुणी म्हणालं, ‘माझ्या घरी याहून भारी माल आहे, येऊन बघा,’ तर एकटीने जायचं नाही. फोटो मागव, आणि व्यवहार चारचौघांत कर. आगाऊ पैसे कुणालाही पाठवू नकोस, तो माणूस कितीही रसिक वाटला तरी. यात संकोच वाटायचं कारण नाही. जो खरा संग्राहक आहे त्याला याचा राग येत नाही.

खरेदी झाली की चित्रकारांच्या टेबलांकडे जा. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण जुनी माणसं एकेक करून जातायत. भारतातलं पहिलं कॉमिक कॉन फेब्रुवारी 2011 मध्ये दिल्लीत भरलं, तेव्हा अमर चित्रकथा आणि टिंकलचे जनक अनंत पै यांना जीवनगौरव जाहीर झाला, आणि त्याच आठवड्यात ते गेले. अमर चित्रकथेचा ‘कृष्ण’ आणि टिंकलचा सुपंडी रेखाटणारे राम वाईरकर, आपल्या पुण्याचे प्रताप मुळीक हे तर असे मेळे इथे सुरू होण्याआधीच गेले. ‘शिवाजी’ या अंकाची चित्रं मुळीकांची आणि लेखन फास्टर फेणेवाल्या भा. रा. भागवतांचं, हे आज किती मराठी घरांत माहीत आहे? त्या पिढीतलं कुणी, किंवा त्यांच्या हाताखाली काम केलेलं कुणी तुला भेटलं, तर नुसती सही घेऊन निघू नकोस. रंग कसे भरायचे, मूळ चित्रांचं पुढे काय झालं, मराठी अक्षरं फुग्यांत कोण लिहायचं, हे विचार. परवानगी घेऊन रेकॉर्ड करून ठेव. अंक दहा वर्षांनीसुद्धा कुठेतरी मिळेल, हे बोलणं मिळणार नाही.

घरी आणलेले अंक पावसाळ्यात सांभाळायचे असतात, तेवढं लक्षात ठेव. हा कागद मुळात रद्दी प्रतीचा, त्यातलं आम्लच त्याला पिवळा आणि ठिसूळ करतं. साध्या पीव्हीसीच्या पिशव्या नकोत. पॉलिप्रॉपिलिनच्या घे, आत आम्लरहित पुठ्ठा घाल. उन्हात वाळवू नकोस, आणि भिंतीला टेकून ठेवू नकोस.

आता ज्यासाठी हे सगळं बोलायला बसले ते सांगते. मेळ्यात तुला इंग्रजी इंद्रजालची चर्चा ऐकू येईल, हिंदीची येईल. मराठी इंद्रजालबद्दल क्वचितच कुणी बोलेल. मराठी अंक घरोघरी वाचले गेले, शेजारी दिले गेले, सुट्टी संपल्यावर रद्दीत गेले. जपून ठेवावेत असं कुणाला वाटलं नाही. आज ते टेबलावर आले तरी इंग्रजी गठ्ठ्याच्या तळाशी असतात, आणि विक्रेत्यालाही त्यांची किंमत धड सांगता येत नाही. माझ्या मते मराठी संग्राहकाने गोळा करावेत ते हेच. इंग्रजी वेताळाला जगभरात राखणारे आहेत, मराठी वेताळाला आपल्याशिवाय कोण आहे? फाटका असला, शिक्क्याचा असला, एखादं पान नसलेला असला तरी चालेल. दुसऱ्या प्रतीतून ते पान भरून काढता येतं. मेळ्यात नाही सापडला तर मुंबईत फोर्टचे, किंग्ज सर्कलचे पदपथ बघ, पुण्याचा जुना बाजार बघ, आजोळच्या माळ्यावरच्या पेट्या उघड. आणि तुझ्याकडे एकाच अंकाच्या दोन मराठी प्रती झाल्या, तर एक माझ्यासाठी राखून ठेव. बदल्यात माझ्याकडची जादा प्रत मी तुला देईन.